टॅक्स लिएन: रिपोर्टवर नाहीच, मग काढायचा कुठून?

गैरसमज: अमेरिकेत कर थकला की क्रेडिट रिपोर्टवर टॅक्स लिएन (थकबाकीपोटी मालमत्तेवर सरकारचा हक्क) चढतो आणि पैसे मोजल्याशिवाय उतरत नाही.

तिथल्या मराठी मंडळींत हे अजूनही छातीठोकपणे सांगितलं जातं. वर ‘रिपोर्ट साफ करून देणाऱ्या’चा नंबरही मिळतो. अहो, एप्रिल 2018 पासून इक्विफॅक्स, एक्सपिरियन आणि ट्रान्सयुनियन या तिन्ही संस्थांच्या रिपोर्टवर लिएन नसतोच; कर फेडलेला असो वा थकलेला. काउंटीच्या दफ्तरातल्या अनेक नोंदींत जन्मतारीख किंवा सोशल सिक्युरिटी क्रमांक नसे, त्यामुळे एकाची थकबाकी सारख्याच नावाच्या दुसऱ्याच्या माथी बसे. म्हणून जुलै 2017 मध्ये अर्धवट नोंदी काढल्या, पुढच्या एप्रिलपर्यंत उरलेल्याही. खात्री नसेल तर ॲन्युअलक्रेडिटरिपोर्ट डॉट कॉमवर आपला रिपोर्ट फुकट बघा. आणि काम होण्याआधी पैसे घ्यायला क्रेडिट रिपेअर कंपन्यांना 1996 च्या कायद्यानेच बंदी आहे.

मग लिएनची चिंता नको? तसंही नाही. रिपोर्टवरून गेला तरी सरकारी दफ्तरात तो सातबाऱ्यावरच्या बोजासारखा कायम असतो. घर विकताना किंवा नवं कर्ज काढताना टायटल (मालकीहक्क) तपासणारा तो हमखास शोधतो. उतरवायचा तो तिथून.

कर पूर्ण भरला की आयआरएस, म्हणजे अमेरिकेची कर यंत्रणा, 30 दिवसांत लिएन मुक्त करते. पण मुक्त झाला तरी तो होता, ही नोंद राहते. आयआरएसने दफ्तरात नोंदवलेली लिएनची नोटीसच मागे घ्यावी असं वाटत असेल तर फॉर्म 12277 भरायचा: लागू असलेल्या कारणाच्या चौकटीत खूण करायची आणि नोटिशीची, म्हणजे फॉर्म 668(वाय) ची, प्रत जोडायची.

आणखी काही गैरसमज:

‘लिएन म्हणजे जप्ती.’ नाही. लिएन हा मालमत्तेवरचा हक्क. जप्ती म्हणजे लेव्ही, ती वेगळी.

‘हप्ते बांधले की लिएन आपोआप जातो.’ नाही. थकबाकी 25,000 डॉलरपर्यंत असेल आणि हप्ते थेट बँकेतून कापले जात असतील, तर नोटीस मागे घेण्याचा अर्ज करता येतो. तोही आपणच करायचा.

‘भारतात परतलं की 10 वर्षांत कर बुडीत.’ उलट, सलग सहा महिने किंवा जास्त काळ अमेरिकेबाहेर राहिलात तर वसुलीची ती मुदत तेवढा काळ थांबते.

फॉर्म 12277 आयआरएसच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो आणि अर्जाला शुल्क नाही. तो स्वतः भरा.