भुवयांचे उपचार: समज आणि खरी गोष्ट

"आयब्रो करून आलीस?" या प्रश्नाचा अर्थ काही वर्षांपूर्वीपर्यंत एकच होता, दोऱ्याने केलेलं थ्रेडिंग. आता पार्लरच्या त्याच दरपत्रकावर टिंटिंग, लॅमिनेशन, मायक्रोब्लेडिंग अशी नावं एकाखाली एक असतात. त्यामुळे सगळं सारखंच वाटतं. पण पहिले प्रकार केसांवर होतात आणि मायक्रोब्लेडिंग कातडीच्या आत होतं. एवढं ध्यानात ठेवलं तरी पुढचं सगळं समजायला सोपं जाईल.

समज १: थ्रेडिंग केल्याने केस जाड येतात.
केसाची जाडी कातडीखालचं मूळ ठरवतं. दोऱ्याला ते ठरवता येत नाही. उलट वर्षानुवर्षं केस उपटत राहिलं, तर काही केस परत येतच नाहीत.

समज २: टिंट आणि लॅमिनेशन म्हणजे नुसता मेकअप.
टिंट म्हणजे डाय. पुष्कळ गडद रंगांमध्ये पीपीडी नावाचं रसायन असतं आणि त्याची ॲलर्जी झाली तर पापण्या सुजून डोळे उघडत नाहीत. म्हणून ४८ तास आधी कानामागे थोडा रंग लावून बघायचा. काळ्या मेंदीने कधी पुरळ उठलं असेल, तर टिंटच्या वाटेला जाऊच नये. लॅमिनेशनमध्ये रसायनाने केस मऊ करून वरच्या बाजूला बसवतात. ते साधारण सहा आठवडे टिकतं, पण लागोपाठ केलं तर केस तुटतात.

समज ३: मायक्रोब्लेडिंग म्हणजे काही टॅटू नाही.
तो टॅटूच आहे. रांगेत बसवलेल्या बारीक सुयांनी कातडीला केसासारखे छेद देतात आणि त्यात रंग भरतात. सुई दुसऱ्याला वापरलेली असेल, तर हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचा धोका असतो. सुयांचं सीलबंद पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगणं हा आपला हक्क आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणखी एक गोष्ट: टॅटू केल्यानंतर आपल्या देशात वर्षभर रक्तदान करता येत नाही. कॉलेजच्या शिबिरात नाव देणाऱ्यांनी हे आधी बघावं.

समज ४: 'सेमी-परमनंट' आहे, वर्ष-दोन वर्षांत पुसून जातं.
आपण साहित्याची मुलं, विशेषणांवर थोडा संशय घ्यायला शिकलेलो असतो. तो इथेही घ्यावा. रंग एक ते तीन वर्षांत फिका होतो हे खरं, पण पूर्ण जाईलच अशी खात्री कोणी देऊ शकत नाही. कुणाच्या भुवयांवर लालसर छटा मागे राहते, कुणाच्या करडी. तेलकट त्वचेवर रेषा पसरतात. नको असेल तर लेझर आहे, पण लोहयुक्त रंग लेझरने कधीकधी आणखी काळे पडतात.

समज ५: लग्नाच्या आठवड्यात करून घेतलं की फोटो झकास येतात.
पहिले काही दिवस भुवया फार गडद दिसतात. मग खपली धरते, ती सुटल्यावर रंग एकदम फिका वाटतो, आणि तो नीट बसायला महिना जातो. शिवाय चार ते आठ आठवड्यांनी टच-अप करावं लागतं. या सुरुवातीच्या दिवसांत भुवया कोरड्या ठेवायच्या असतात. आपल्याकडे तर लग्नाच्या आदल्या दिवशी रोसचा नारळाचा रस डोक्यावरून ओततात, नाहीतर हळद लागते. ताज्या जखमेवर यातलं काहीच चालत नाही. करायचंच असेल, तर दोन-तीन महिने आधी.

गरोदर असाल, जखमेचे व्रण फुगत असतील, मधुमेह आटोक्यात नसेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. भुवया अचानक विरळ होत असतील, तर पार्लरआधी दवाखाना गाठा. भुवयांची बाहेरची टोकं विरळ होणं हे थायरॉइडचं लक्षण असू शकतं. रंग भरला की भुवई दिसते, पण आजार तसाच राहतो.

केमोथेरपीने किंवा चाईने भुवया गेलेल्या बाईला आरशात आपला चेहरा परत दिसणं ही मोठी गोष्ट असते. तिला "कशाला हवेत हे नखरे?" असं कोणी म्हणू नये. तिनेही डॉक्टरांच्या होकारानंतरच करावं.

तेव्हा खुर्चीत बसण्याआधी तीनच प्रश्न विचारा: सुई नवी आहे का? रंगात काय आहे? आणि नाही आवडलं तर पुढे काय? उत्तर द्यायची टाळाटाळ झाली, तर सरळ थ्रेडिंग करून घरी या.