भिंतीवरची भुते

नागपुरात रिक्षावाल्यास लिबर्टी, पंचशील किंवा अलंकार एवढे एकच नाव सांगितले तरी तो उतारूस नेमक्या चौकात नेऊन सोडतो. चौकास आपले नाव देऊन ठेवण्याचे भाग्य या शहरातील चित्रगृहांना लाभले. परंतु त्याच चौकांच्या भिंतींवर दर शुक्रवारी जी रंगीत भित्तिपत्रके खळ लावून चिकटवली जात, त्यांच्या नशिबी खेळ चालेल तेवढेच आयुष्य असे. नवा खेळ लागला की त्यांच्यावर दुसरा कागद चढे, आणि पावसाळ्यात असे कित्येक थर एकदमच गळून पडत. त्यामुळे जुनी पोस्टरे जमवणाऱ्याचा व्यवहार मोठा विपरीत असतो. ज्या कागदाने आपले कर्तव्य बजावले तो नष्ट झाला. जो गठ्ठ्यात पडून राहिला, ज्याला भिंत मिळालीच नाही, तोच आज संग्रहात मिरवतो.

मध्यप्रांत व वऱ्हाड हे नाव सरकारी दप्तरातून १९५० साली गेले, परंतु चित्रपट-वितरकांच्या चोपड्यांत विदर्भाचा मुलूख ‘सी. पी. बेरार’ या नावानेच नांदत राहिला. आणि अमरावती व भुसावळ येथील कचेऱ्यांतून रिळांच्या पेट्या तालुक्यांकडे रवाना होत, तेव्हा घड्या घातलेल्या पोस्टरांचे गठ्ठेही त्यांच्यासोबत जात. महानगरांतील प्रतिष्ठित चित्रगृहांची फारशी तमा न बाळगता अशाच कसब्यांतील टॉकीजांवर ज्यांनी आपला प्रपंच उभारला, ते घराणे म्हणजे रामसे. फाळणीनंतर मुंबईत येऊन रेडिओच्या दुकानावर चरितार्थ चालवणारे या घराण्याचे प्रमुख फतेहचंद रामसिंघानी यांनी चित्रपटनिर्मितीत पाऊल टाकले खरे, परंतु १९७० सालचा ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ पडला. त्यातील दरोड्याच्या प्रसंगात भेसूर मुखवटा चढवून पृथ्वीराज कपूर अवतरत, तेव्हा मात्र प्रेक्षक दचकत, हे रामसिंघानींच्या पुत्रांनी हेरले. आणि सात भावांच्या त्या कुटुंबाने १९७२ साली अत्यल्प भांडवलावर ‘दो गज जमीन के नीचे’ काढून हिंदी पडद्यावर भुताखेतांचे एक स्वतंत्र खातेच उघडले. १९८४ सालच्या ‘पुराना मंदिर’ने त्या खात्यात भरघोस जमा केली आणि अजय अग्रवाल यांनी उभा केलेला सामरी हा राक्षस लोकांच्या तोंडी बसला.

या चित्रपटांचे पोस्टर हा माझ्या मते चित्रपटाहून सरस प्रकार आहे, आणि असे म्हणताना मी त्या चित्रपटांचा उपमर्द करीत नाही. पडद्यावरील भुतास भांडवलाची मर्यादा होती: रबराचा मुखवटा, निळा प्रकाश आणि धुराचे यंत्र यांपलीकडे निर्मात्याची ऐपत क्वचितच जाई. कागदावरील भुतास अशी कोणतीच अट नव्हती. चित्रकार छायाचित्रातून कापलेल्या चेहऱ्यांवर कुंचला फिरवी, डोळ्यांत तांबडा आणि गालफडांत हिरवा रंग भरी, हवेलीच्या मागे वास्तवात कधीच न उगवणारा चंद्र टांगी, आणि भयाने विस्फारलेल्या नायिकेस अगदी पुढे आणून बसवी. चित्रपट जे दाखवू शकणार नव्हता त्याचे वचन पोस्टर देई, आणि प्रेक्षकही ते वचन पुरते पाळले जाणार नाही हे ओळखूनच तिकिटाच्या रांगेत उभा राही.

ही विद्या मराठी मुलखास नवी नाही. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांच्या ‘कल्याण खजिना’ या १९२४ सालच्या मूकपटाचे पोस्टर हे आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने भारतीय पोस्टर मानले जाते. त्याच नगरीतील जी. कांबळे यांनी शांतारामबापूंच्या चित्रपटांची पोस्टरे रंगवली, आणि शिवछत्रपतींचे शासनमान्य चित्रही त्यांच्याच हातचे. पुढे दिवाकर करकरे यांनी रंगाच्या सुरीचे जाड फटकारे छायाचित्रांशी जुळवून ‘दीवार’सारख्या चित्रपटांना चेहरा दिला. भयपटांच्या पोस्टरांवर मात्र बहुधा कोणाचीच सही आढळत नाही. तळाच्या पांढऱ्या पट्टीवर छापखान्याचे नाव असले तरी संग्राहक स्वतःस सुदैवी समजतो.

विलायतेत व अमेरिकेत या मालास सोन्याचा भाव आहे. १९३१ सालच्या ‘ड्रॅक्युला’चे एक पोस्टर २०१७ साली लिलावात ५,२५,८०० डॉलरना गेले. पेनसिल्व्हेनियातील बर्विक येथे तर एकावर एक चिकटवलेल्या जुन्या पोस्टरांचा एक थर माळ्यावर सापडला, आणि वाफेने सोडवून काढल्यावर त्याचे पाच लाख डॉलरहून अधिक मोल आले. आपल्याकडे असे थर महानगरपालिकेची गाडी घेऊन जाते. तथापि सर्वच अंधार आहे असे नाही: पुण्यास १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पी. के. नायर यांनी श्रेष्ठ-कनिष्ठ असा भेद न करता रिळांबरोबर पोस्टरे व गाण्यांच्या चोपड्याही जमवल्या. टाकाऊ कोणते हे आज ठरवण्याचा अधिकार आपणांस नाही, ही त्यांची भूमिका मला एखाद्या न्यायाधीशाच्या निकालाइतकी भारदस्त वाटते.

खाजगी संग्राहकास मात्र प्रथम अस्सल-नक्कल पारखावी लागते. हिंदी पोस्टराचे रूढ माप तीस बाय चाळीस इंच, अमेरिकी मालाचे सत्तावीस बाय एकेचाळीस. भिंगातून पाहिल्यास जुन्या ऑफसेट छपाईचे ठिपके सुबक गुंफणीत दिसतात, तर आजच्या संगणकी छपाईत रंगाचे सूक्ष्म तुषार विस्कळीत पडलेले असतात. त्यातच जुने चित्रपट पुनःपुन्हा प्रदर्शित होत आणि दरवेळी नवे पोस्टर छापले जाई. मुंबईत जुन्या मालाच्या मटन स्ट्रीटवर विक्रेता ते ‘ओरिजिनल’ म्हणून देतो तेव्हा तो खोटे बोलत नाही, फक्त साल सांगण्याचे टाळतो.

नागपूरच्या संग्राहकाचा खरा शत्रू हवामान आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो, तेव्हा आम्लयुक्त स्वस्त कागद पापडासारखा कडक होतो; जूनअखेर ओल शिरली की कसर आणि वाळवी आपला हक्क सांगू लागतात. अशा वेळी चांगल्या हेतूने पोस्टर लॅमिनेट करून घेणारा गृहस्थ त्याचा अखेरचा विधी उरकतो, कारण तो प्लास्टिकचा लेप पुन्हा सुटत नाही. पातळ जपानी कागद व कापड यांवर पिठाच्या खळीने पोस्टर चढवण्याची रीत खर्चिक खरी, परंतु ती पाण्याने परत सोडवता येते. भिंतीवर लावायचे तर काच अतिनील किरणे अडवणारी हवी, कागद काचेस टेकता कामा नये, आणि प्रकाश सुमारे पन्नास लक्सपलीकडे जाऊ नये, हा संग्रहालयांचा दंडक घरीही पाळावा. इतक्या मंद उजेडात सामरीचा चेहरा अधिकच भेसूर दिसतो, ही त्यातली वरकड मिळकत समजावी.

घड्यांच्या रेषा रंगवून बुजवण्याची सध्या टूम आहे, ती मला रुचत नाही. बैठकीच्या खोलीत एकसंध, गुळगुळीत कागद शोभतो हे मान्य. परंतु वितरकाच्या गठ्ठ्यात बसण्यासाठी तो कागद कसा दुमडला गेला, याचा त्या रेषांखेरीज दुसरा दाखला बहुतेक पोस्टरांपाशी नसतो. फाटका कोपरा सांधावा, कसर काढावी, आणि रेषांना हात लावू नये.