लहान वृद्धनिवास आणि दूरचा डॉक्टर

ज्या घरांत दहाबारा वृद्ध माणसें एकत्र राहतात, दोनतीन सेविका पाळीपाळीनें त्यांची शुश्रूषा करितात आणि डॉक्टर आठवड्यापंधरवड्यानें येऊन जातो, असें घर पुण्यामुंबईकडील कुटुंबांस आतां अपरिचित राहिलेलें नाहीं. त्यास इस्पितळ म्हणतां येत नाहीं आणि साधें बिऱ्हाडही म्हणतां येत नाहीं. अशा घरांत रात्रीं दोन वाजतां एखाद्या आजींना धाप लागली, म्हणजे जी सेविका जागी असेल तिच्यापुढें मोठा पेंच उभा राहतो. रुग्णवाहिका बोलवावी, कीं सकाळपर्यंत वाट पाहावी? ऐंशी वर्षांच्या माणसाला मध्यरात्रीं अनोळखी खोलींत नेऊन निजविलें तर कित्येकदां त्याची स्मृति भ्रमते, आणि मूळ दुखण्यापेक्षां हें नवें दुखणेंच अधिक दिवस पुरतें. उलट, न नेल्यानें एखादे वेळीं जिवावरही बेततें. हा निर्णय जिनें करावयाचा तिला वैद्यकाचें शिक्षण मिळालेलें नसतें, आणि चुकला तर बोल मात्र तिलाच लागतो. दूरध्वनीनें किंवा बोलत्या चित्रानें डॉक्टरास त्या खाटेपाशीं आणतां आलें तर तिचें ओझें हलकें होईल, ही दूरवैद्यकाची मूळ कल्पना होय.

कल्पना आजची नव्हे. हॉलंडमधील लायडेन येथें आइंथोवेन या शास्त्रज्ञानें १९०५ सालीं इस्पितळांतील रुग्णाच्या हृदयाचे विद्युत्स्पंद टेलिफोनच्या तारेनें सुमारें दीड किलोमीटरवरील आपल्या प्रयोगशाळेंत आणून त्यांचा आलेख काढला होता. रोम येथें १९३५ सालीं भर समुद्रांतील खलाशांना बिनतारी यंत्रानें वैद्यकीय सल्ला देणारी संस्था निघाली. परंतु लहान वृद्धनिवासांच्या दृष्टीनें अधिक बोधप्रद उदाहरण ऑस्ट्रेलियाचें आहे. तेथील ओसाड मुलखांत १९२८ पासून उडत्या डॉक्टरांची सेवा सुरू झाली, आणि पुढल्याच वर्षीं पायानें चालविण्याच्या बिनतारी यंत्रामुळें शेंकडों मैलांवरच्या वस्त्यांना डॉक्टरांशीं बोलतां येऊं लागलें. तरी एक अडचण राहिलीच. डॉक्टरानें औषधाचें नांव सांगावें आणि पलीकडच्या बाईनें तें भलतेंच ऐकावें! म्हणून १९४२ पासून प्रत्येक वस्तीवर एकसारखी औषधपेटी ठेवण्यांत येऊं लागली व तींतील प्रत्येक औषधास क्रमांक देण्यांत आला. डॉक्टरानें नुसता आंकडा सांगावयाचा, बाईनें ती बाटली काढावयाची. यंत्रांत जेवढी हुशारी होती तेवढीच ह्या साध्या पेटींतही होती. कारण तिनें रुग्णाकडील टोंकाला शिस्त आणली.

आपल्याकडे बऱ्याच वृद्धनिवासांत नेमकें हेंच टोंक दुबळें राहतें. मोठा पडदा विकत आणला जातो, भिंतीवर बसविलाही जातो; पण डॉक्टरानें "आजोबा सध्यां कोणकोणतीं औषधें घेतात?" असें विचारलें कीं धांवाधांव सुरू होते. कोणी उशीखालची पुडी आणतें, कोणी कपाटांतील रिकामी पट्टी. पांच मिनिटें त्यांतच जातात.

डोळा आणि कान तारेवरून जातात. हात आणि नाक जात नाहींत, हें आरंभींच ध्यानांत घेतलें पाहिजे. सुजलेलें पाऊल, वांकडें झालेलें तोंड, श्वासाबरोबर आंत ओढली जाणारी मानेची खळगी हें सर्व चांगल्या उजेडांत डॉक्टरास दिसतें. परंतु पोट दाबून कोठें दुखतें तें त्यास कळत नाहीं, आणि खाटेवर पडून झालेल्या जखमेचें छायाचित्र कितीही स्वच्छ असलें तरी तिला घाण येते किंवा नाहीं हें छायाचित्र सांगत नाहीं. तेवढ्यापुरता डॉक्टरचा हात आणि नाक सेविकेला व्हावें लागतें.

तिला उपकरणें थोडींच लागतात: तापमापक, रक्तदाब मोजण्याचें यंत्र, बोटाला लावून रक्तांतील प्राणवायु दाखविणारी चिमटी, साखर तपासण्याचें यंत्र व वजनकांटा. तीं स्वस्तही झालीं आहेत. मात्र वापरण्याची रीत बहुतेक ठिकाणीं शिकविली जात नाहीं. रक्तदाब घेण्यापूर्वीं माणूस पांच मिनिटें स्वस्थ बसलेला असावा, पाठ टेंकलेली, पाउलें जमिनीवर व दंड हृदयाच्या पातळीवर असावा. जो वारंवार तोल जाऊन पडतो त्याचा दाब आधीं निजवून आणि मग उभा करून, पहिल्या व तिसऱ्या मिनिटाला घ्यावा. वरचा आंकडा २० किंवा अधिक उतरला तर पडण्याचें कारण बहुधा तेथेंच सांपडतें. प्राणवायूची चिमटी गार बोटावर किंवा रंगविलेल्या नखावर खोटा आंकडा दाखविते. श्वास तर पुरतें एक मिनिट मोजावे, आणि मोजतो आहोंत हें रुग्णाला कळूं देऊं नये, कारण कळलें कीं श्वासाची चाल बदलते. शांत निजलेल्या माणसाचे श्वास मिनिटाला २५ वर गेले तर ताप असो वा नसो, डॉक्टरास तत्काळ कळवावें. ह्या मोजणीला कोणतेंच यंत्र लागत नाहीं, म्हणूनच कीं काय ती कोणी करीत नाहीं.

म्हातारपणाचें दुखणें तरुणपणच्या दुखण्यासारखें दिसत नाहीं, ही आणखी एक गोष्ट. तरुणास फुप्फुसाचा दाह झाला तर ताप फणफणतो, खोकला येतो. पंचाऐंशीच्या आजोबांना त्याच दुखण्यांत ताप नसेलही. ते नुसते जेवत नाहींत, दुपारीं गुंगून राहतात, किंवा काल ओळखलेल्या माणसाला आज ओळखीत नाहींत. मधुमेही वृद्धाला हृदयविकाराचा झटका छातींत कळ न येतांही येऊं शकतो. अशा वेळीं सर्वांत मोलाची माहिती म्हणजे कालच्या मानानें आज काय पालटलें, ही होय. आणि ती त्या घरांत रोज वावरणारीलाच असते. "आजींना बरें वाटत नाहीं" एवढ्या सांगण्यावरून डॉक्टरास कांहींच करतां येत नाहीं. पण "आजी परवांपर्यंत काठी घेऊन न्हाणीघरांत जात होत्या, कालपासून उठत नाहींत, तीन दिवसांत वजन दोन किलो वाढलें, रात्रीं उशाशीं तीन उशा लागल्या" असें सांगितलें तर हृदय थकून अंगांत पाणी सांठत असावें, अशी शंका डॉक्टरास पडद्यावर पाहण्यापूर्वींच येते. ह्याकरितां प्रत्येकाच्या नांवाची एक वही असावी. पहिल्या पानावर चालू औषधें, मागचीं मोठीं दुखणीं आणि माणूस बरा असतांनाचे आंकडे. पुढें रोजच्या दोन ओळी.

कायद्याची बाजूही नीट समजून घ्यावी. २५ मार्च २०२० रोजीं भारतांत दूरवैद्यकाचे नियम प्रसिद्ध झाले. रुग्णानें आपण होऊन डॉक्टरास बोलाविलें तर त्याची संमति गृहीत धरली जाते. सेविकेनें बोलाविलें तर ती स्पष्ट विचारून घ्यावी लागते. ज्याची बुद्धि विस्मृतीनें झांकोळली आहे त्याच्या वतीनें काळजी घेणारास बोलतां येतें. अमली व मनावर परिणाम करणारीं जीं औषधें कायद्यानें नियंत्रित आहेत, तीं सर्वसाधारण डॉक्टरास अशा भेटींत लिहून देतां येत नाहींत. डॉक्टरानें रुग्णाला गेल्या सहा महिन्यांत समक्ष पाहिलें असेल व दुखणें तेंच असेल, तर दुरून औषध लिहिण्याची मोकळीक अधिक असते. तेव्हां जो चालक पडदा आणला म्हणून डॉक्टरच्या फेऱ्या बंद करतो, तो पैसे वांचवीत नसून त्या पडद्याचाच उपयोग घटवीत असतो. प्रत्यक्ष फेऱ्या चालूंच राहिल्या पाहिजेत. रोज नवा आवाज ऐकण्यापेक्षां ज्यानें आजोबांची नाडी पूर्वीं हातानें पाहिली आहे असा एकच डॉक्टर दुरून बोलत असलेला बरा.

बोलण्याचीही एक रीत आहे. ज्यांना कमी ऐकूं येतें ते समोरच्याच्या ओंठांवरून पुष्कळ समजून घेतात; म्हणून डॉक्टरचा चेहरा मोठा व स्पष्ट दिसावा. रुग्णाच्या पाठीमागें खिडकी असली तर डॉक्टरास केवळ काळी आकृति दिसते; उजेड समोरून हवा. भेट सामाईक दालनांत घेऊं नये. लघवीच्या तक्रारी पत्ते खेळणाऱ्या मंडळींसमोर सांगाव्या लागल्या तर कोणताही स्वाभिमानी गृहस्थ "मला कांहीं होत नाहीं" असेंच उत्तर देईल. आणि डॉक्टरानें पहिला प्रश्न सेविकेला न विचारतां "आजी, रात्रीं झोंप लागली का?" असा प्रत्यक्ष आजींनाच विचारावा. विस्मृति झालेल्या माणसाला पडद्यावरचा मनुष्य दूरचित्रवाणींतला वाटतो. अशा वेळीं सेविकेनें हात हातांत धरून "हे आपले डॉक्टर, आजी, तुमच्याशींच बोलताहेत" असें सांगितलें तर काम सोपें होतें.

कांहीं प्रसंगीं मात्र पडद्यापाशीं क्षणभरही थांबूं नये. तोंड एका बाजूस ओढलें गेलें, एक हात वर राहीना, बोलणें अडखळूं लागलें, तर मेंदूंतील गुठळी विरघळविणारें औषध पहिल्या साडेचार तासांतच देतां येतें. माणूस शेवटचा धडधाकट केव्हां दिसला ती वेळ कागदावर लिहावी आणि १०८ क्रमांक फिरवावा. छातींत कळ, न थांबणारा रक्तस्राव, पडल्यानंतर पाय आंखूड व बाहेर वळलेला दिसणें, ह्यांनाही हाच नियम लागू. चिमटीचा आंकडा ९० च्या खालीं गेला तर प्रथम बोट चोळून गरम करावें व पुन्हां मोजावें; तरीही चढला नाहीं तर वाट पाहूं नये.

राहतां राहिला प्रश्न परदेशांतील मुलांचा. अमेरिकेंतील मुलाला आईच्या भेटींत सामील होतां येतें ही ह्या साधनाची मोठीच सोय. परंतु होतें असें, कीं मुलगा व डॉक्टर इंग्रजींत बोलूं लागतात आणि आई आळीपाळीनें दोघांच्या तोंडांकडे पाहत बसते. मुलानें यावें कीं नाहीं हें आधीं आईलाच विचारावें. आणि त्याच्या शंकांसाठीं निराळी वेळ नेमून द्यावी. रविवारीं सकाळीं आठ वाजतां नेमली तर न्यूयॉर्ककडे शनिवारची रात्र असते, त्याची सुटी मोडत नाहीं, आणि इकडे आजींचा चहाही झालेला असतो.