चाकांतील हवा आणि परतीची वाट

बऱ्हाणपुराहून असीरगड सुमारे २० किलोमीटर. तेथवर डांबरी रस्ता आहे; परंतु तो सोडून सातपुड्यातील दगडगोट्यांच्या वाटेला लागलो, की आम्ही जीपच्या टायरांतील हवा थोडी कमी करतो. टायर पसरतो, पकड वाढते, धक्के कमी बसतात. मात्र तेवढ्याच हवेवर पुढे डांबरी रस्त्याने वेगात जाणे धोक्याचे. टायर तापतो, प्रसंगी फुटतो. एकदा तिन्हीसांजेला, मुलेबाळे सोबत असताना, पायपंपाने चार चाके भरता भरता आमचाच दम उखडला. तेव्हा गाडीतच कॉम्प्रेसर बसवून घेण्याचे ठरविले.

निवडताना कमाल दाबाच्या मोठ्या आकड्यास भुलू नये. यंत्र मिनिटाला किती हवा देते आणि न थांबता किती वेळ चालते, हे आधी विचारावे. ते बसवावे सायलेन्सरच्या तप्त नळीपासून दूर, चिखलपाणी पोहोचणार नाही अशा उंचीवर. सिगारेट लायटरच्या जोडणीस मोठ्या यंत्राचा भार सोसत नाही. म्हणून जाड तारेने वीज थेट बॅटरीवरून घ्यावी आणि बॅटरीलगतच फ्यूज घालावा. हवा भरताना इंजिन चालू ठेवावे, नाहीतर बॅटरी उतरते.

आता परतताना डांबरी रस्ता लागण्यापूर्वी आम्ही थांबतो. मुले मापकावरचा आकडा मोठ्याने वाचतात. चारही चाकांचा आकडा बरोबर आला, की मगच गाडी घराकडे वळते.