गाठ कापण्याआधी तिचा रिपोर्ट वाचा

स्तनात गाठ हाताला लागली की घरातून दोन तऱ्हेचे सल्ले मिळतात. ‘दुखत नाही ना? मग थांब जरा’ हा एक, आणि ‘लगेच ऑपरेशन करून काढून टाक’ हा दुसरा. पहिला घातक आहे, कारण स्तनाच्या कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. दुसरा सल्ला शहाणपणाचा वाटतो, पण त्यानेही नुकसान होतं. गाठ कसली आहे हे कळण्याआधी ती कापायची नसते. का, ते समजायला सुईने काढलेल्या तुकड्याचा प्रवास पाहावा लागतो.

आधी डॉक्टर दोन्ही स्तन आणि काखा हाताने तपासतात. मग मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी होते. बहुतेक गाठी साध्याच निघतात. शंका राहिली तर कोअर बायोप्सी करतात. जागा बधिर करून, सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत सुई गाठीत नेतात आणि पेन्सिलीच्या शिशाएवढे बारीक काही तुकडे काढतात. टाके नसतात, बाई त्याच दिवशी घरी जाते. ‘सुई लागली की कॅन्सर पसरतो’ या भीतीने कितीतरी बायका इथेच अडकतात. अशा बायोप्सीने आयुष्य घटतं असं कुठल्याही अभ्यासात दिसलेलं नाही. न तपासता गेलेले महिने मात्र खरोखरच महागात पडतात.

काढलेले तुकडे तासाभरात फॉर्मालिनमध्ये पडायला हवेत आणि त्यात ६ ते ७२ तास राहायला हवेत. हलगर्जी झाली तर पुढच्या चाचण्या चुकीचं उत्तर देऊ शकतात. मग तुकडे मेणाच्या ठोकळ्यात बसवतात. हाच ‘ब्लॉक’. त्याचे काही मायक्रॉन जाडीचे काप काचपट्टीवर घेऊन, रंगवून पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. रिपोर्टला आठवडा-दोन आठवडे लागतात ते यामुळे. तेवढ्या दिवसांनी उपचाराचं काही बिघडत नाही.

रिपोर्टात ‘ग्रेड ३’ दिसलं की घरात रडारड सुरू होते. सगळ्यांना ती तिसरी स्टेज वाटते. तसं नाही. पेशींची रचना मूळ नलिकांसारखी किती उरली आहे, केंद्रकं किती बेढब आहेत आणि पेशी किती वेगाने दुणावत आहेत, या तिन्हींना १ ते ३ गुण देतात. बेरीज ३ ते ५ आली तर ग्रेड १, ६ किंवा ७ तर ग्रेड २, ८ किंवा ९ तर ग्रेड ३. हा पेशींचा स्वभाव झाला. आजार किती पसरला हे स्टेज सांगते, आणि ती गाठीचा आकार, काखेतल्या गाठी आणि इतर अवयव पाहून ठरते. एक सेंटिमीटरची, काखेपर्यंत न पोचलेली गाठ ग्रेड ३ची असूनही पहिल्याच स्टेजची असू शकते.

त्यापुढच्या तीन ओळी सर्वांत मोलाच्या: ईआर, पीआर आणि हर-टू. ईआर-पीआर पॉझिटिव्ह म्हणजे ती गाठ बाईच्या स्वतःच्या हार्मोनवर वाढते. अशा वेळी टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोलसारखी रोजची गोळी निदान पाच वर्षं घ्यायची असते. केमोने गेलेले केस परत आले, अंगात ताकद आली, की पुष्कळ जणी ही गोळी सोडून देतात. कृपा करून सोडू नका. ही स्वस्त गोळी आजार परत येण्याचा धोका खूपच कमी करते. त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगा, गोळी बदलता येते.

हर-टू हे पेशींवरचं एक प्रथिन. त्याला ० ते ३+ असे गुण असतात. ३+ म्हणजे पॉझिटिव्ह. २+ असेल तर ‘फिश’ ही आणखी एक चाचणी लागते. पॉझिटिव्ह गाठीवर ट्रॅस्टुझुमॅब चालतं, साधारण वर्षभर, आणि त्या काळात हृदयाची इको तपासणी अधूनमधून करावी लागते. हे औषध आता भारतातही बनतं. तिन्ही निगेटिव्ह असतील तर मुख्य भिस्त केमोवर असते.

आता ‘लगेच काढून टाक’कडे वळू. गाठ हर-टू पॉझिटिव्ह किंवा तिन्ही निगेटिव्ह असेल आणि फार लहान नसेल, तर पुष्कळदा केमो आधी देतात. औषध लागू पडतंय का, हे गाठीवरच दिसतं. ती आक्रसली तर स्तन राखूनही ऑपरेशन होतं, आणि काढलेल्या भागात किती कॅन्सर उरला यावर पुढचं औषध ठरतं. गाठ आधीच कापली तर हे सारं हातचं जातं. घाईत काढलेल्या गाठीच्या कडेला कॅन्सर राहिला तर दुसरं ऑपरेशनही करावं लागतं. संपूर्ण स्तन काढल्यानेच जीव वाचतो हेही खरं नाही. अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी १९७६मध्ये सुरू केलेल्या चाचणीत, फक्त गाठ काढून रेडिएशन घेतलेल्या आणि पूर्ण स्तन काढलेल्या स्त्रियांचं जगणं वीस वर्षांनंतरही सारखंच आढळलं.

म्हणून ऑपरेशनची तारीख घेण्याआधी डॉक्टरांना विचारा: बायोप्सी झाली का, ईआर, पीआर आणि हर-टू काय आले, केमो आधी द्यायची का? खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. आणि दुसरा सल्ला घ्यायला जाताना स्लाइड आणि ब्लॉक मागून न्या. मोठ्या कॅन्सर रुग्णालयांत ते पुन्हा तपासून पाहतात.