दोन थेंबांचा हिशेब

घाट चढणारा मालट्रक तुम्ही पाहिला असेल. पंधरा-वीस टनांचे ओझे पाठीवर घेऊन तो सावकाश, पण न थांबता वर जातो. त्याच्या एंजिनाच्या एका सिलिंडरात एका वेळी किती डिझेल जळत असेल? वाटीभर? हिशेबच करून पाहू. 200 अश्वशक्तीचे, सहा सिलिंडरांचे एंजिन पूर्ण जोराने चालले तर त्याला तासाला सुमारे 40 लिटर डिझेल लागते. एंजिन मिनिटाला 2100 फेरे घेते आहे असे धरा. दर दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडरात एकदा डिझेल सोडले जाते. म्हणजे तासाभरात सहा सिलिंडरांत मिळून 3,78,000 वेळा. आता 40 लिटरला या संख्येने भागा. उत्तर येते एक दशांश मिलिलिटरच्या आसपास. औषधाच्या ड्रॉपरमधून पडणारे जेमतेम दोन थेंब!

हे दोन थेंब नेमके मोजायचे, सेकंदाच्या सुमारे पाचशेव्या भागात धुक्यासारखे फवारायचे, आणि तेही जिथे हवा आधीच दाबून ठासलेली आहे अशा जागी. डिझेल एंजिन बनवण्यातली खरी मेख ही. अमेरिकेतील कमिन्स या कंपनीचा शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास म्हणजे बराचसा या दोन थेंबांच्या पाठलागाचा इतिहास आहे.

पेट्रोलच्या एंजिनात इंधन पेटवायला विजेची ठिणगी लागते. डिझेल एंजिनात ठिणगी नसतेच. सायकलमध्ये हवा भरताना पंप तापतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. तसेच येथे दट्ट्या हवेला तिच्या मूळ आकारमानाच्या सुमारे सोळाव्या भागात दाबतो, आणि ती 500 अंश सेल्सिअसहून अधिक तापते. अशा हवेत इंधन फवारले की ते आपोआप पेट घेते. रुडॉल्फ डिझेल याने 1897 मध्ये जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे असे एंजिन यशस्वीपणे चालवून दाखवले. पण इंधन आत ढकलण्यासाठी तो जोरदार दाबाची हवा वापरी, आणि ती हवा पुरवायला एक वेगळा अवजड कॉम्प्रेसर लागे. कारखान्यात किंवा जहाजावर हे लटांबर चालून जाई. मोटारीत ते बसवणार कोठे?

इंडियाना राज्यातल्या कोलंबस या छोट्या गावी क्लेसी कमिन्स नावाचा एक तरुण होता. शाळा आठवीपर्यंत, पण यंत्रांचे वेड मोठे. गावातले बँकर विल्यम अर्विन यांच्या मोटारीचा तो चालक आणि मेकॅनिक. अर्विन यांनी त्याला भांडवल दिले आणि 3 फेब्रुवारी 1919 रोजी कमिन्स एंजिन कंपनी सुरू झाली. तिने आधी शेतीसाठी 6 अश्वशक्तीची छोटी एंजिने काढली, तीही दुसऱ्याच्या, म्हणजे ह्विड यांच्या पद्धतीची. या पद्धतीत सिलिंडरच्या माथ्याशी एक चिमुकली वाटी असे. तिच्यात इंधन उतरे. दाबाने तापलेल्या हवेने त्यातले थोडे पेटे, आणि त्या स्फोटाने उरलेले बाहेर फवारले जाई. युक्ती नामी, पण थेंब किती आणि केव्हा यावर ताबा नाही! सिअर्स ही टपालाने माल विकणारी मोठी कंपनी ही एंजिने विके. नापसंत माल परत घेण्याची तिची हमी होती. अनेक शेतकऱ्यांनी हंगामभर एंजिन वापरले आणि मग परत पाठवून दिले! कंपनी बुडता बुडता वाचली.

क्लेसीने इंधन फवारण्याची स्वतःची पद्धत बसवली, पण खरेदी करायला कोणी येईना. तेव्हा 1929 च्या नाताळात त्याने एक डिझेल एंजिन जुन्या पॅकार्ड मोटारीत बसवले आणि अर्विन यांना फेरफटका मारून आणला. पुढच्याच महिन्यात तो याच मोटारीने इंडियानापोलिसहून न्यूयॉर्कला गेला. अंतर 792 मैल, म्हणजे सुमारे 1275 किलोमीटर. इंधनाचा खर्च 1 डॉलर 38 सेंट. 1931 मध्ये इंडियानापोलिसच्या 500 मैलांच्या शर्यतीत कमिन्सची मोटार तेरावी आली. तेरावा क्रमांक म्हणजे काही मोठे नव्हे; पण इंधनासाठी एकदाही न थांबता ती शर्यत पुरी करणारी ती पहिलीच मोटार ठरली. इतकी कीर्ती झाली, तरी कंपनीला पहिला नफा दिसला तो 1937 मध्ये. तब्बल अठरा वर्षे पैसे ओतत राहणाऱ्या अर्विन यांच्या धीराला कोणत्याही शोधाइतकेच श्रेय दिले पाहिजे, असे मला वाटते.

1931 मध्येच क्लेसी ट्रक घेऊन कॅलिफोर्नियातला कॅहोन घाट उतरत होता. ब्रेक तापून निकामी झाले, आणि पायथ्याच्या फाटकावर मालगाडीशी होणारी टक्कर थोडक्यात टळली. हा प्रसंग तो विसरला नाही. हवा दाबायला जोर लागतो. मग उतारावर इंधन बंद करून एंजिनाला नुसती हवा दाबायला लावली आणि दट्ट्या वर पोचताच ती सोडून दिली, तर एंजिनच ब्रेक होईल! निवृत्तीनंतर त्याने हा ब्रेक तयार केला. जेकब्स या दुसऱ्याच कंपनीने 1961 पासून तो बाजारात आणला. 2022 मध्ये कमिन्सने ती कंपनी विकत घेतली.

दुसऱ्या महायुद्धानंतर कमिन्सने थेंब मोजण्याची नवी पद्धत आणली. नळाखालच्या बादलीत किती पाणी पडेल? नळाचे तोंड तेच असेल, तर पाण्याचा दाब किती आणि नळ किती वेळ उघडा, यावर ते ठरते. नेमके हेच तत्त्व येथे वापरले. एक साधा पंप सर्व सिलिंडरांना कमी दाबाने इंधन पुरवतो. प्रत्येक सिलिंडरावरच्या फवाऱ्याचा दट्ट्या त्या दोन थेंबांना प्रचंड दाबाने आत लोटतो.

कमिन्स ट्रक बनवत नाही. ती इतरांच्या ट्रकांना, डंपरांना, बोटींना, जनित्रांना एंजिन पुरवते. या धंद्यात एक धोका कायमचा असतो: उद्या ट्रकवाल्याने स्वतःचेच एंजिन काढले तर? म्हणून जितके देश आणि जितके उपयोग अधिक, तितकी कंपनी सुरक्षित. 1956 मध्ये स्कॉटलंडमधील शॉट्स येथे तिचा परदेशातला पहिला कारखाना निघाला. भारतात त्या काळी आयातीवर कडक निर्बंध होते. माल विकायचा तर येथेच बनवायला हवा, आणि पुण्यात किर्लोस्करांना डिझेल एंजिनांचा अनुभव होता. 1962 मध्ये दोघांनी मिळून किर्लोस्कर कमिन्स स्थापन केली. कोथरूडच्या कारखान्यात पुण्याच्या कामगारांच्या पिढ्या मायक्रॉनच्या मापाने काम करायला शिकल्या. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पुढे किर्लोस्कर भागीदारीतून बाहेर पडले आणि कंपनी कमिन्स इंडिया झाली. चीनमध्ये 1981 मध्ये परवाना करार झाला, जमशेदपूरला टाटांशी भागीदारी झाली. 2024 मध्ये कमिन्सची जगभरातील विक्री 34 अब्ज डॉलरहून अधिक होती.

पण त्याच थेंबांत एक पेच दडलेला आहे. ज्वाळा जितकी उष्ण, तितके इंधन कमी लागते; पण तितकेच हवेतले नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन फुप्फुसांना घातक असे नायट्रोजनचे ऑक्साइड बनतात. थेंब किंचित उशिरा सोडले तर हा वायू घटतो, पण इंधन जास्त जळते. आता हा क्षण संगणक ठरवतो, आणि संगणकाला खोटे वागायलाही शिकवता येते. पिकअप ट्रकांच्या लाखो एंजिनांत धूर-नियंत्रणाला बगल देणारी सॉफ्टवेअर घातली, असा आरोप अमेरिकन सरकारने कमिन्सवर केला. चूक मान्य न करता कंपनीने डिसेंबर 2023 मध्ये 167.5 कोटी डॉलर दंड भरण्याचे कबूल केले. त्या देशाच्या स्वच्छ हवेच्या कायद्याखालचा हा सर्वांत मोठा दिवाणी दंड आहे.

भारतात 1 एप्रिल 2020 पासून धुराचे नवे, कडक नियम लागू आहेत. पुष्कळ नव्या ट्रकांवर डिझेलच्या टाकीशेजारी निळ्या झाकणाची एक लहान टाकी दिसते. तिच्यात युरियाचे पाण्यातले द्रावण असते. ते गरम धुरात फवारले की त्यातून अमोनिया सुटतो, आणि उत्प्रेरकाच्या मदतीने तो ऑक्साइडांचे पुन्हा साधा नायट्रोजन आणि पाणी यांत रूपांतर करतो. हे द्रावणही थेंब मोजूनच सोडावे लागते. कमी पडले तर विषारी वायू सुटतो, जास्त झाले तर अमोनियाचा वास!