विश्लेषण : ‘द नेव्हरएंडिंग स्टोरी’ चित्रपटावर मूळ कादंबरीचा लेखकच का संतापला होता?

‘स्ट्रेंजर थिंग्ज’च्या तिसऱ्या सीझनमध्ये जगावर संकट कोसळलेले असताना डस्टिन आणि सूझी रेडिओवर एक जुने गाणे गातात, ते आठवत असेल. ते गाणे १९८४ च्या ‘द नेव्हरएंडिंग स्टोरी’ या चित्रपटाचे. मायकेल एंडे या जर्मन लेखकाच्या १९७९ मधील कादंबरीवर तो बेतलेला होता. चित्रपट जगभर गाजला. एंडे मात्र त्याविरोधात न्यायालयात गेले. मार्च २०२४ मध्ये ‘सी-सॉ फिल्म्स’ने या कादंबरीवर नव्याने चित्रपट करण्याची घोषणा केली. त्यामुळे जुने भांडण नेमके कशावरून होते, हे समजून घेण्यासारखे आहे.

कादंबरीत काय आहे?

बास्टियन हा आई गमावलेला, शाळेत मुलांचा मार खाणारा मुलगा. तो जुन्या पुस्तकांच्या दुकानातून एक पुस्तक चोरतो आणि शाळेच्या माळ्यावर लपून वाचू लागतो. पुस्तकातल्या ‘फॅन्टास्टिका’ या अद्भुत देशाला ‘शून्य’ गिळत चालले आहे. तिथली बालसम्राज्ञी आजारी आहे आणि आत्रेयू नावाचा मुलगा उपाय शोधायला निघाला आहे. उपाय एकच : माणसांच्या जगातल्या एखाद्या मुलाने सम्राज्ञीला नवे नाव द्यायचे.

मूळ जर्मन पुस्तक दोन रंगांच्या शाईत छापलेले आहे. माणसांचे जग लाल, फॅन्टास्टिका हिरवट. प्रकरणे २६ आणि प्रत्येक प्रकरण ए ते झेड या क्रमाने पुढच्या अक्षराने सुरू होते. ही नुसती हौस नाही. आपण एक मुलगा पुस्तक वाचताना वाचतो आहोत, याचे भान एंडे यांना वाचकाला सतत द्यायचे होते.

चित्रपटाने काय बदलले?

छोटे बदल पुष्कळ आहेत. कादंबरीतला बास्टियन जाडा, फिकट चेहऱ्याचा आहे, पडद्यावरचा सडपातळ आणि गोड. आत्रेयूची कातडी पुस्तकात हिरवट आहे. सिंहाच्या तोंडाचा, मोत्यासारख्या खवल्यांचा शुभड्रॅगन पडद्यावर लोकरीच्या पाळीव कुत्र्यासारखा झाला. पुस्तकात बास्टियन सरळ चोरी करतो, तर चित्रपटात पुस्तक परत करीन अशी चिठ्ठी ठेवून जातो. प्रेक्षकाला नायक आवडावा म्हणून हे केले जाते, त्यात नवल नाही.

एका ठिकाणी चित्रपट पुस्तकापेक्षा सरस ठरतो, हेही सांगायला हवे. दुःखाच्या दलदलीत आत्रेयूचा घोडा बुडतो तो प्रसंग. कादंबरीत घोडा बोलतो, धन्याला निघून जायला सांगतो. चित्रपटात तो मुका आहे. लगाम ओढत ओरडणारा मुलगा आणि हळूहळू खाली जाणारा घोडा, एवढेच दिसते. ऐंशीच्या दशकातली मुले चित्रपटातले बाकी काही विसरली, तरी हे विसरली नाहीत.

पण बालसम्राज्ञीच्या नावाच्या प्रसंगात उलटे घडते. पुस्तकात बास्टियनला नाव सुचलेले असते, ते उच्चारायला तो घाबरत असतो. तेव्हा सम्राज्ञी एका डोंगरावरच्या म्हाताऱ्याकडे जाते. हा म्हातारा जगात घडेल ते लिहीत असतो आणि तो लिहितो ते घडते. ती त्याला सारी कथा पहिल्यापासून सांगायला लावते. कथा सुरू होते : मुलगा दुकानात शिरतो, पुस्तक चोरतो, वाचतो, सम्राज्ञी म्हाताऱ्याकडे जाते, आणि पुन्हा पहिल्यापासून. मुलाने तोंड उघडेपर्यंत सगळे या चक्रात अडकून पडतात. ‘न संपणारी कथा’ या नावाचा एक अर्थ हा आहे. चित्रपटात हा म्हाताराच नाही. सम्राज्ञी कॅमेऱ्याकडे पाहून विनवते आणि मुलगा खिडकीतून वादळात ओरडतो.

मग खरा वाद कशाचा?

शेवटाचा. चित्रपट कादंबरीच्या साधारण मध्यावरच थांबतो. फॅन्टास्टिका वाचते, बास्टियन ड्रॅगनवर बसून थेट आपल्या शहरात येतो आणि छळणाऱ्या पोरांना पळवून लावत कचऱ्याच्या डब्यात लपायला भाग पाडतो. थिएटरात टाळ्या ठरलेल्या.

कादंबरीच्या तर्काला मात्र इथे सुरुंग लागतो. पुस्तकात ग्मोर्क हा लांडगा आत्रेयूला बजावतो, की शून्यात पडलेले फॅन्टास्टिकाचे प्राणी माणसांच्या जगात पोहोचतात खरे, पण तिथे ते खोटेपणा बनतात, भ्रम बनून माणसांच्या डोक्यात शिरतात. कल्पनेतला प्राणी जसाच्या तसा या जगात येऊ शकत नाही. तसा तो आणून सूड उगवणे म्हणजे लेखकाने ज्याविषयी सावध केले तेच करणे.

वगळलेल्या दुसऱ्या भागात तर बास्टियनच खलनायक होण्याच्या वाटेवर जातो. गळ्यातल्या पदकामुळे त्याची प्रत्येक इच्छा पूर्ण होते, पण दर इच्छेमागे एक आठवण पुसली जाते. आपण जाडे होतो, आपल्याला मुले चिडवत होती, हे तो विसरत जातो. सम्राट व्हायला निघतो आणि आड आलेल्या मित्राला, आत्रेयूला, तलवारीने जखमी करतो. पुढे त्याला एक शहर लागते. तिथे राहतात ती सगळी त्याच्यासारखीच इथे आलेली माणसे. सगळ्या आठवणी खर्चून बसलेली ही मंडळी अक्षरांचे फासे टाकत असतात, कधीतरी त्यातून एखादी गोष्ट जुळेल म्हणून. कादंबरीतले सर्वांत भयंकर पान कुठले असेल तर हेच.

अखेर स्वतःचे नावही गमावलेला बास्टियन घरी परततो. बायको गेल्यापासून गप्प झालेले वडील त्याची हकीकत ऐकतात आणि त्यांचे डोळे भरून येतात. चित्रपटात हे वडील सुरुवातीला न्याहारीच्या टेबलावर दिसतात, पाय जमिनीवर ठेव म्हणून सांगतात, आणि नंतर पडद्यावर येतच नाहीत. माझ्या मते ड्रॅगनच्या लोकरीपेक्षा ही उणीव मोठी आहे.

न्यायालयात काय झाले?

एंडे सुरुवातीला पटकथेच्या कामात सहभागी होते. दिग्दर्शक वोल्फगांग पीटरसन यांनी हरमन वायगल यांच्यासह ती बदलत नेली, तसे संबंध बिघडले. निर्मिती थांबवा, नाहीतर चित्रपटाचे नाव बदला, अशी एंडे यांची मागणी होती. ते दावा हरले. चित्रपटाच्या सुरुवातीच्या श्रेयनामावलीतून त्यांचे नाव मात्र वगळले गेले.

पीटरसन यांची बाजूही लक्षात घ्यायला हवी. ‘दास बूट’ या पाणबुडीवरच्या चित्रपटाने त्यांचे नाव झाले होते. नवा चित्रपट तोवरचा सर्वांत महागडा जर्मन चित्रपट होता आणि संगणकी दृश्ये हाताशी नसल्याने ड्रॅगन खरोखर बांधून यंत्राने हलवावा लागत होता. एवढा खर्च घरच्या प्रेक्षकांवर निघणे कठीण, म्हणून तो इंग्रजीत चित्रित झाला आणि अमेरिकेसाठी आणखी आखूड केला गेला. अशा हिशेबात नायकाला दुष्ट करणारा दुसरा भाग बसवणे अवघडच होते.

नव्या चित्रपटांत काय होऊ शकते?

१९९० च्या दुसऱ्या चित्रपटाने वगळलेल्या भागातून काही धागे उचलले, पण पहिल्याची सर त्याला आली नाही. १९९४ चा तिसरा तर कादंबरीपासून आणखी दूर गेला. एंडे १९९५ मध्ये वारले, पीटरसन २०२२ मध्ये. ‘सी-सॉ’ने एकाहून अधिक चित्रपटांचा बेत जाहीर केला आहे, म्हणजे दुसऱ्या भागाला पुरेशी जागा आहे. तोवर चित्रपट पाहिलेल्यांनी पुस्तक हातात घेतले, तर तेराव्या प्रकरणापासून पुढचे जवळजवळ सगळेच त्यांना नवे असेल.